दारातली मोकळी माती

थांबा, तिथे पाय ठेवू नका. सारं अंगण चोपून गुळगुळीत आणि दाराशी एवढीच माती भुसभुशीत का, असं पाहुणे विचारतात. आळस नाही हो तो. घाटाखालच्या आमच्या वाडीत घरोघरी असंच आहे. हा भुईचाफा बघा. पानांआधी फूल येतं, थेट मातीतून.

फार पूर्वी म्हणे घाटावरची मैना इथे ठकूबाईची सून होऊन आली. निघताना आईने तिच्या ओटीत भुईचाफ्याचा कंद घातला, तसाच एक आपल्या दारी लावला. म्हणाली, "घाट उतरायचं बळ माझ्या पायांत नाही. चैत्रात तुझ्याकडे फुललं की समज, मी सुखरूप आहे. माझ्याकडे फुललं की मी समजेन, तू सुखात आहेस."

मैनेने कंद दाराशी लावला. पावसाळा सरला, पानं वाळून गेली. ठकूबाई मोठी टापटिपीची. दिवाळीआधी तिने अंगण चोपून दगडासारखं केलं. खाली कंद आहे हे तिला सांगणार कोण? नवी सून सासूपुढे तोंड उघडते होय?

चैत्र आला, फूल काही आलं नाही. आई गेली असं मैनेने धरलं आणि अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी सासूने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे ती बोलली.

ठकूबाई तशीच घाट चढली. वर विहीणबाई दारात बसलेल्या, समोर चार फुलं. "माझी पोर सुखात आहे ना? बघा, फुललंय." ठकूबाईला खरं सांगवेना. "सुखात आहे," म्हणाली आणि खाली मान घालून परतली.

घरी येऊन तिने सुनेला आईची खुशाली सांगितली, आणि पहार घेऊन दाराशी अंगण फोडलं. खाली पिवळे कोंब वाकडे होऊन दबले होते. तिने हातांनी माती मोकळी केली, पाणी घातलं. तिसऱ्या सकाळी फूल वर आलं, असं सांगतात. त्याच दिवशी ठकूबाईने मैनेची पाठवणी केली. म्हणाली, "तुझ्या आईला मी खोटं सांगून आलेय. ते खरं होईपर्यंत तिथे राहा."

आजही फाल्गुनात सासूच ही माती मोकळी करते, आणि पहिलं फूल आलं की सून माहेरी जाते. विचारायचं नाही, निघायचं. माझ्या सासूने मला कधी गोड शब्द दिला नाही, पण ही माती मोकळी करायला ती एकदाही चुकली नाही. तेवढ्यासाठी तिची फार आठवण येते.

हे फूल काल उमललं. म्हणून आजचा चहा माझ्या हातचा आहे, तेवढा गोड मानून घ्या.