सिद्रामाची साबणपूड

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे भोळे गावोगाव दोन-चार असतातच, पण हा एकटा दहांना पुरून उरायचा. नाव सिद्राम. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तस्संच करायचा, आणि तिथंच घोडं पेंड खायचं.

सिद्रामाच्या लेकीचं, चंपाचं, लग्न ठरलं. मुलगा भानुदास गुणी होता, मुखदुर्बळ होता. पण त्याची आई म्हणजे टापटिपीचा कहर. एका घरी ताटाला चिकटलेलं एक शीत दिसलं आणि या बाईनं ठरत आलेली सोयरीक मोडली होती. हे कानावर आल्यापासून सिद्रामाच्या बायकोच्या, गुणाबाईच्या, डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरात डाग नको, सांडलवंड नको, पोरीचं लग्न तेवढं सुखरूप पार पडू दे, एवढंच तिचं मागणं.

वऱ्हाडाला बसायला वीस पांढऱ्या चादरी धुवायच्या होत्या. गुणाबाईनं साबणपूड घरीच करायची ठरवली. साबणाची वडी नि किसणी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घर आत्ताच सारवलंय. तुम्ही बाहेर बसून किसा."

सिद्राम बाहेर जाऊन बसला. खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि किसायला लागला. सारवलेल्या जमिनीवर साबणाचा ढीग झाला.

"अहो, हे काय?"

"तू मला बाहेर बसायला सांगितलंस. साबणाला कुठं सांगितलंस?"

गुणाबाईनं कपाळाला हात लावला. ढीग भरला, पुन्हा सारवलं आणि म्हणाली, "हे बघा, खाली परात धरायची. वरून जे पडेल ते परातीत पडलं पाहिजे."

"एवढंच ना," सिद्राम म्हणाला.

मग तिनं त्याला धुण्याचा सोडा आणायला पाठवलं. सोडा आणायचा म्हणून त्यानं परातही बरोबर घेतली. वाटेत कडुनिंब लागला. दिवस पानगळीचे. सिद्रामानं वर पाहिलं, परात धरली आणि उभा राहिला. एक पान इकडे पडलं, हा इकडे. एक तिकडे पडलं, हा तिकडे. दिवस कलला तेव्हा परात भरून घरी आला. सोड्याचा पत्ता नाही.

"पानं कशाला आणलीत?"

"पडत होती."

"वाटेत काय पडतंय ते बघत बसायचं नसतं," गुणाबाई म्हणाली. "सोडा घ्यायचा, पिशवीत घालायचा आणि नाकासमोर चालत घरी यायचं."

"एवढंच ना," सिद्राम म्हणाला.

या वेळी त्यानं सोडा घेतला. पण पिशवीला होतं भोक. मागून सगळं गाव ओरडलं, "सिद्रामदादा, सांडतंय." यानं मान वळवली नाही. रिकामी पिशवी बायकोच्या हातात दिली आणि छाती फुगवून उभा राहिला. दुकानापासून उंबऱ्यापर्यंत पांढरी रेघ. बायांना वाटलं, लग्नाची रांगोळी काढलीय, म्हणून त्या पाय वाचवून चालायला लागल्या.

शेवटी गुणाबाईनं स्वतः जाऊन सोडा आणला. किसलेल्या साबणात कालवला, डबा भरला, झाकण लावलं. कणभर सांडलं नाही. काम असं असतं. मग ती पुरणाची डाळ बघायला आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "मूठ मूठ पूड घाला, चादरी धुवा, घड्या घालून पेटीत ठेवा."

खोटं कशाला बोला, चादरी त्यानं धुतल्या मात्र झकास. बगळ्याच्या पंखासारख्या. घड्याही घातल्या आणि पेटीत ठेवल्या. पण वाळवा असं कुणी म्हटलंच नव्हतं. लग्नाच्या दिवशी पहाटे पेटीखालून पाण्याचा ओहोळ निघाला आणि थेट बोहल्यापर्यंत गेला.

गुणाबाई मटकन खाली बसली. तिला रडूच आलं. "आज विहीणबाईंनी हे पाहिलं तर पोरीचं लग्न मोडेल हो."

सिद्रामाचं काळीज हललं. लेक त्याचीही होती. तो म्हणाला, "मला एकदा नीट सांग. अगदी सगळं सांग. चुकलो तर नाव बदलेन."

गुणाबाईनं डोळे पुसले आणि बोटांवर मोजत सांगितलं, "धुवायचं ते मागच्या दगडावर न्यायचं. पूड चोळायची. अर्धी घटका भिजू द्यायचं. आपटायचं. पिळायचं. दोरीवर टाकून चिमटे लावायचे. कोरडं ठाक झाल्याशिवाय आत आणायचं नाही. मग घडी."

सिद्रामानं सात वेळा पाठ म्हटलं. चादरी वाळल्या, अंथरल्या, मांडव नुसता लखलखला. विहीणबाई आल्या, चादरीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि चादरीवर मांडी घालून बसल्या. गुणाबाईच्या जिवात जीव आला.

नवरदेव दाराशी उभा होता. सासऱ्यानं जावयाचे पाय धुवून त्याला आत घ्यायचं, ही रीत. गुणाबाई आतून म्हणाली, "अहो, पाय धुवा आणि पाहुण्यांना आत आणा."

"सगळं पाठ आहे," सिद्राम म्हणाला आणि नवरदेवाला घेऊन मागच्या दगडावर गेला.

इकडे भटजींनी मंगलाष्टकांना घसा साफ केला. अंतरपाट धरला. चंपा हार घेऊन उभी राहिली. पलीकडे कुणीच नाही. मुहूर्त टळायला आला. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली आणि विहीणबाई पदर खोचून मुलाला शोधायला निघाल्या. पाठोपाठ गुणाबाई धावली.

परसात बाजेवर नवरदेव उताणा पडला होता. मुंडावळ्या कानामागे गेल्या होत्या. दोन्ही पाय वर, दोरीवर. दहा बोटांना दहा चिमटे.

"भानू, अरे हे काय?"

"इकडची रीत असेल, आई," भानुदास हळूच म्हणाला. "चोळून झाले, भिजवून झाले. आपटताना मी 'मामा, जरा हळू' म्हणालो, तर हळू आपटले. पिळले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मामा म्हणाले, पाणी निघतंय, म्हणजे पीळ बरोबर बसलाय."

गुणाबाईनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

विहीणबाई पुढे झाल्या. मुलाची एक टाच निरखली, मग दुसरी. कुठं भेग काळी नाही, नखात कण नाही. जन्मल्यापासून या मुलाचे पाय त्यांनी एवढे स्वच्छ पाहिले नव्हते. त्या गुणाबाईकडे वळून म्हणाल्या, "घर पसंत आहे मला. मुलीला उभी ठेवू नका, चला, मुहूर्त गाठू." आणि चिमटे काढायला त्यांनी हात उचलला.

सिद्राम आडवा आला. "थांबा विहीणबाई, अजून ओला आहे. तुम्ही व्हा पुढे. वाळला की घडी घालून मीच आणून देतो."