पिंजरे कोणासाठी?

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात कोंबड्या पाळणारी एक बाई राहायची. मुंगसाच्या भीतीने तिच्या नवऱ्याने भक्कम भिंतींची शेड बांधली होती आणि आत तारेचे पिंजरे रचले होते.

एकदा दाणे टाकता टाकता बाई थबकली. एक कोंबडी पंख पसरू पाहत होती, पण पंख तारेला अडत होते.

"अहो, मुंगूस अडवायला भिंती आहेत. मग पिंजरे कोणासाठी?"

"आपल्या सोयीसाठी," नवरा म्हणाला. "अंडी अलगद हाती येतात."

बाईला ते काही पटेना. तिने पिंजरे बाहेर काढले, जमिनीवर भाताचं तूस पसरलं आणि कोंबड्या शेडमध्ये मोकळ्या सोडल्या.

पण झालं भलतंच! कोंबड्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. एकमेकींना चोची मारू लागल्या. अंडी कुठेही पडायची आणि पायाखाली फुटायची.

"बघ, त्यांना मोकळीक नकोच आहे," नवरा म्हणाला. "बाजाराच्या दिवशी पिंजरे परत लावतो."

पाट टाकून बाई शेडमध्येच बसली आणि बघत राहिली.

दिवस कलला, तशी एक तांबडी कोंबडी बादलीच्या काठावर चढली. घसरली. पुन्हा चढली.

"उंचावर बसायचंय होय गं तुला?" म्हणत बाईने आडवे बांबू बांधले. चोचींचा मार खाणाऱ्या कोंबड्या आधी वर गेल्या आणि भांडणं निवळली.

दुसरी एक कोंबडी अंडं घालायच्या वेळी पोत्यामागे डोकं खुपसत होती. बाईने अंधाऱ्या बाजूला पेंढा घालून टोपल्या ठेवल्या. अंघोळीसाठी हौसेने ठेवलेल्या पाण्याच्या परातीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी नवरा पक्कड घेऊन आला. दार उघडताच एक कोंबडी फडफडत त्याच्या डोक्यावरून बांबूवर जाऊन बसली. त्याने टोपलीत हात घातला. अंडी उबदार होती, अख्खी होती.

"एखादं फुटतं अजून," बाईने सांगून टाकलं.

"फुटू दे," म्हणत त्याने पक्कड खाली ठेवली. "पण आता सगळं मिळालंय त्यांना. तू अजून काय बघत बसलीस?"

"ती पांढरी रोज खिडकीशी जाऊन उभी राहते. का, ते कळू दे की!"

नवरा हसला आणि तिच्याशेजारी टेकला.

तात्पर्य: कोणाला मोकळं केलं म्हणजे काम संपत नाही, त्याला काय हवंय, ते थांबून पाहावं लागतं.