टेकू काढण्याचा दिवस

नाशिकच्या एका बांधकाम कंपनीने आपल्या सुपरवायझरांसाठी प्रकल्प व्यवस्थापनाचा वर्ग भरवला होता. शेवटच्या दिवशी संचालक गरुडसाहेब स्वतः परीक्षा घ्यायला आले.

"सभागृहाचा स्लॅब काल भरला. पुस्तक म्हणतं, खालचे टेकू एकवीस दिवसांनी काढा. मला ते सातव्या दिवशी निघालेले हवेत. तसं वेळापत्रक करा. नाही म्हणेल तो नापास."

सगळ्यांनी मुकाट्याने सात लिहिले. गवंड्याची मुलगी अनसूया वाघचौरे हिनेही सातच लिहिले, पण खाली एक ओळ जोडली. साहेबांनी ती मोठ्याने वाचली, "सातवा दिवस, सकाळी अकरा. टेकू निघत असताना संचालकांचे स्लॅबखाली उभे राहून भाषण."

"माझं भाषण तिथं कशाला?"

"साहेब, इतक्या लवकर टेकू काढायला मजूर घाबरतात," अनसूया शांतपणे म्हणाली. "तुम्ही खाली उभे दिसलात की त्यांना धीर येईल."

साहेबांनी पेन काढले, सातावर काट मारून एकवीस लिहिले आणि तिला पास केले. दारापाशी मात्र ते थांबले.

"आणि ते भाषण," ते म्हणाले, "बाहेर मंडपात ठेवा."