अकरा दिवस काळा पडदा

पिंपळदऱ्याच्या चावडीवरचा पडदा अकरा दिवस काळाठिक्कर पडला होता, आणि गावातल्या एकानंही तक्रार केली नव्हती!

रणधवल महाराजांना हे कळलं ते एका लग्नाहून परतताना. पाणी प्यायला चावडीशी थांबले, वर बघतात तो काय, चित्र नाही, आवाज नाही, मधोमध कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलेलं! महाराजांचा पारा चढला. का चढणार नाही? रोज सकाळी तासभर ते स्वतः गायचे. ते गाणं इंटरनेटवरून चाळीस गावांच्या चावड्यांवर थेट दिसायचं आणि भल्यामोठ्या भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू यायचं. पडदा बंद करायची कुणाची टाप नव्हती, तसा हुकूमच होता.

"आमचं गाणं अकरा दिवस नाही, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही?" महाराज गरजले.

मग महाराजांनी काय करावं? पडद्यांच्या तारा सांभाळणाऱ्या हैबतीला धरलं आणि टाकलं कोठडीत!

हैबतीची लेक हौसा. अंगानं काडी, पण जीभ मिरचीसारखी! ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाचं चुकलं काय? पडदे चाळीस, तो एकटा. कुणी बोंब मारली तरच त्याला बिघाड कळणार ना?"

"बोंब कशाला हवी?" यंत्रप्रमुख दाजीसाहेब पुढे सरसावले. "माझ्या खोलीत चाळीस दिवे आहेत. गाणं सुरळीत असलं की दिवा हिरवा."

"मग हे अकरा दिवस पिंपळदऱ्याचा दिवा कसला होता?"

दाजीसाहेब घुटमळले. "हिरवाच होता. म्हणजे काय, की गाणं इथून व्यवस्थित निघालं होतं."

"अहो, नवरी माहेरून निघाली म्हणजे सासरी पोचली असं होतं का?"

दरबारात खसखस पिकली. महाराजांना मात्र राग आला.

"फार शहाणी आहेस! मग तूच ओळखून दाखव. उद्या आम्ही गात असताना दाजीसाहेब एका गावाचं गाणं गुपचूप तोडतील. राजवाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, फोन करायचा नाही, एकही पडदा बघायचा नाही. आमचं गाणं संपायच्या आत गावाचं नाव सांगायचं. जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर वर्षभर कोठडीतच!"

हौसाच्या बाला दम्याचा त्रास, त्या ओल्या कोठडीत तो वर्ष कसलं काढतोय? पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

"कबूल! फक्त मला वाड्यामागच्या वीजघरात बसू द्या. आणि कपभर चहा द्या, साखर जरा जास्त."

चाळीस गावांची वीज त्या वीजघरातूनच जायची. भिंतीवर गावागणिक एक मीटर, आणि कुठलं गाव किती वीज ओढतंय ते दाखवणारा एकेक काटा. दाजीसाहेबांना हसू आवरेना. गाणं शोधायचं आणि ही बया विजेचे काटे बघत बसणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी पहिला आलाप घेतला आणि काटे टकाटका वर चढले. हौसा चहाचे घोट घेत भिंतीकडे टक लावून बसली. महाराज तानांवर आले न आले तोच ती ताडकन उठून दरबारात धावली.

"खडकओहोळ!" ती ओरडली. "आणि सोनमाळसुद्धा!"

"फसली!" दाजीसाहेबांनी टाळी वाजवली. "मी एकटं खडकओहोळ तोडलंय. सोनमाळचा दिवा तर माझ्या खोलीत हिरवागार आहे!"

महाराजांनी गाणं आवरलं आणि सोनमाळला जीप पिटाळली. तासाभरात शिपाई धापा टाकत परतला.

"महाराज, सोनमाळला पडद्यावर नुसती चकरी फिरतीय! शेळीनं केबल खाल्ली!"

दाजीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरी, हे चेटूक आहे की काय? कसं ओळखलंस?" महाराजांनी विचारलं.

"आधी अभय द्या."

"दिलं!"

"महाराज, मी पिंपळदऱ्यात पिठाची गिरणी चालवते. तुमचं गाणं सुरू झालं की बाया डबे घेऊन पळत येतात. सगळ्या गावांत हेच! गिरणीची मोटर सुरू झाली की काटा वर. गाणं तुटलं की गिरणी बंद, काटा खाली. अकरा दिवस सकाळच्या वेळी मी माश्या मारत बसले होते!"

"म्हणजे गाणं कानावर पडू नये म्हणून लोक गिरणी..." दाजीसाहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"अगं बाई! हे तुम्ही म्हणालात हं, मी नाही!" हौसा म्हणाली. "महाराज, आमच्या आज्या-पणज्या जात्यावर बसल्या की ओव्या गायच्या. गाण्याशिवाय दळण व्हायचंच नाही. आता जातं गेलं, ओव्याही गेल्या. म्हणून गळा तुमचा आणि दळण आमचं!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. डोळे मात्र बारीक झाले होते.

"ते ठीक आहे. पण गिरणीच्या त्या घरघरीत आमचं गाणं कुणाला ऐकू तरी येतं का?"

हौसानं क्षणभरही विचार केला नाही.

"ऐकू येत नसतं महाराज, तर गाणं तुटल्याबरोबर गिरणी थांबली कशी असती?"

महाराजांच्या ओठांचा कोपरा हलला, खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की फेटा डोळ्यांवर आला!

"सोडा हैबतीला! आमच्या जीपमधून घरी पोचवा. आजपासून चाळीस गावांच्या पडद्यांवर नजर हौसाची, आणि दाजीसाहेब तिच्या हाताखाली! बोल पोरी, आणखी काय हवं?"

"दुसरं काही नको, महाराज." हौसानं पदर सावरला. "पण रविवारी गिरणीला सुट्टी असते."

महाराज पुन्हा हसू लागले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "बरं बाई! रविवारी आमच्याही गळ्याला सुट्टी!"