येसूआत्याची हाक

गोष्ट फार जुनी, वेळूघाटची पेठ भरभराटीत होती तेव्हाची. पेठ म्हणजे एकच रस्ता. खाली घाट, वर वेस, दोन्ही अंगांना घरं. घाटालगतच्या पहिल्या घरात येसूआत्या राहायची. तिचा नवरा नावाडी. नदीनं त्याला नेलं, तेव्हापासून तिच्या जिवाला जो घोर लागला, तो सुटलाच नाही. रोज दिवेलागणीला ती घाटापासून वेशीपर्यंत चालायची आणि दारोदार कडी वाजवून विचारायची, "आहात ना रे सगळे?"

"आहोत, आत्या. नदीला आम्ही अजून आवडलो नाही!" साळ्यांची सून हसायची.

रावबा तांबट मात्र वैतागायचा. "कडी झिजली गं माझी, आत्या!" पुढं पुढं तर तो ओ देईनासाच झाला. हाक आली, की हातोडीचे ठोके वाढवायचा.

एका श्रावणात, लख्ख ऊन असताना, नदी चढली. वर कुठं पाऊस झाला, देव जाणे. आत्या धावत सुटली. असं म्हणतात, नदी तिच्या मागोमाग पेठेतून आली, पण आत्यानं माणसं बाहेर काढेपर्यंत एकाही उंबऱ्याच्या आत शिरली नाही. अनोळखी पाहुणीसारखी दाराशी खोळंबायची.

तांबटाच्या दारी उत्तर नाही. "रावबा, आहेस ना रे?" आत सामसूम. वरची दारं राहिली होती. ती पुढं गेली, पण जीव तिथंच अडकला.

वेशीशी गाव गोळा झालं. "रावबा कुठाय?"

"आला असेल गं."

"असेल म्हणजे? पाहिला कुणी?"

कुणीच पाहिला नव्हता. लोकांनी तिचा पदर धरला. तो सोडवून ती उतारानं परत गेली.

रावबा तेव्हा वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळामागं पोरांची अंगं पुसत होता. परसातून निघताना हाक त्यानं ऐकली होती. रोजचीच, म्हणून ओ दिली नव्हती.

असं म्हणतात, पाणी ओसरलं तेव्हा तांबटाच्या दाराची कडी आपोआप वाजत होती. आत्या कुठंच नव्हती.

आजही श्रावणात त्या दिवशी सारं गाव पेठेतून चालत जातं, प्रत्येक दार वाजवतं. आतून ओ द्यावीच लागते. घराला कुलूप असलं, तर शेजारी देतात, "पुण्याला आहेत, सुखरूप आहेत!" मग वेशीवरून सगळे परत खाली उतरतात, घाटालगतच्या रिकाम्या जोत्याशी. तिथं तांबटांच्या घरातलं माणूस विचारतं, "आत्या, आहेस ना गं?"

उत्तर येत नाही. तरी कुणी लगेच हलत नाही. कधी कधी ओ यायला उशीर होतो, असं म्हणतात.