काचेतला साहेब

इंग्रजी अमलातल्या एका थंड हवेच्या गावी एका बाकावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. फोटोग्राफर दामू तांबटाने त्याचा फोटो काढला. बाकावर ती पाटी लावणारा गोरा साहेब बसलेला, आणि खाली मातीत त्याचा काळा हमाल.

साहेब भडकला. “कागदावर एक जरी प्रत छापलीस, तर तुरुंगात घालीन!”

“बरं,” म्हणत दामूने निगेटिव्हची भलीमोठी काचच दुकानाच्या खिडकीत, पांढऱ्या पडद्यापुढे लावली.

सकाळी बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. आभाळ काळंकुट्ट, झाडं पांढरीफटक. बाकावर कोळशासारख्या तोंडाचा, पांढऱ्या बुबुळांचा कुणीतरी बसला होता, आणि खाली मातीत एक गोरापान माणूस.

साहेब आला आणि दचकून मागे सरला. “आमच्या बाकावर हे कुठलं भूत? पकडा त्याला!”

“आपणच आहात, साहेब,” दामू म्हणाला. “निगेटिव्हच्या काचेत गोऱ्याचं काळं नि काळ्याचं गोरं दिसतं. कागदावर छापलं की पुन्हा गोरे व्हाल. पण मग मातीत कोणाला बसवलंत, तेही जगाला दिसेल.”

साहेबाने काचेवर काठी उगारली.

“फोडा की. मग छापून गोरं करायला काच उरणार नाही, आणि लोकांच्या डोळ्यांत आपण कायमचे असेच राहाल.”

काठी हवेतच राहिली.