भिंतीतला न बसवलेला दगड

शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एका दगडाची जागा मोकळी आहे. वाकून बघा, आतला फळा सरळ दिसतो. पाहुणे विचारतात, बुजवत का नाही? तीनदा बुजवलं होतं म्हणे, आणि तिन्ही वेळा आठ दिवसांत दगड आपोआप बाहेर आला. हे तुम्ही मानू नका हवं तर. पुढचं मात्र मानावं लागेल, कारण ते आमच्याच घरातलं आहे आणि सांगताना माझी मान खाली जाते.

असं सांगतात, की ही शाळा बांधायला तेलंगणातून वडार आले. त्यांचा म्होरक्या तिमण्णा. आमचे पणजोबा भुजंगराव तेव्हा गावचे पाटील. तिमण्णाने एकच मागितलं, माझ्या पोरीला, नागव्वाला, शाळेत बसवा. पाटलांनी बेलभंडारा उचलून शब्द दिला. पश्चिमेची भिंत अजून व्हायची होती, पण शाळा भरू लागली. नागव्वा उंबऱ्याशी आली आणि पणजोबांनी तिला अडवलं.

"परमुलखाची पोर. आज हाय, उद्या न्हाई. बस भाईर."

उरलेली भिंत तिमण्णाने इमानाने रचली, फक्त एक दगड बसवला नाही. नागव्वा त्या फटीशी बसून शिकली.

वडारांचं गावातलं बाकीचं काम चालूच होतं, तेवढ्यात गुरुजी पटकीने गेले. दुसरे गुरुजी वर्षभर मिळेनात, शाळेला कुलूप लागलं. तेव्हा गावची पोरं एकेक करून नागव्वाभोवती जमू लागली. ती दगडाच्या कपचीने मातीत अक्षरं काढी, पाढे म्हणून घेई, बापाची दोरी आणून उंची-लांबी मापायला लावी. आमच्या आजोबांना स्वतःचं नाव लिहायला तिनेच शिकवलं. नवे गुरुजी आले ते थक्क झाले. सगळी पोरं वाचत होती.

कुलूप निघालं, पोरं आत गेली. नागव्वाही उठली. पणजोबांनी तिला पुन्हा तेच सांगितलं. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून. गावात कुणी तोंड उघडलं नाही, आजोबांनीसुद्धा नाही.

त्याच दुपारी तिमण्णाने गाढवांवर बिऱ्हाड लादलं. आजोबा मोठे झाल्यावर नागव्वाला शोधत तीन जिल्हे फिरले म्हणे. ती सापडली नाही. मग त्यांनी एक नेम धरला.

आजही शाळेच्या पहिल्या दिवशी बाहेरगावाहून आलेली मुलं आधी आत जातात, आणि त्यांची हजेरी होईतो आमच्या घरचा कर्ता माणूस बाहेर मातीत बसतो. यंदा मी बसलो होतो. वीटभट्टीवरच्या ओडिया कुटुंबातली तिलोत्तमा हजेरी देऊन परत बाहेर आली. "आजोबा, तुम्ही बाहेर का? आत या ना," म्हणाली आणि तिने माझा हात धरला. या गावात येऊन तिला सहा महिने झालेत. नागव्वाला एवढं आमच्यातलं कुणीच म्हणालं नव्हतं.